घरी बनवलेला व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प घुमतोय, खरखरतोय, शिट्टी मारतोय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी मिरजेत राहतो आणि दर चार-आठ दिवसांनी कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, कधी विश्रामबागेतून, कधी तासगावातून, एकदा तर पार जतवरून, की दादा अ‍ॅम्प चालू झाला, आवाज पण भारी आलाय, पण मागं एक घुमघुम आहे ती जाईना. तेच तेच फोनवर सांगून घसा बसला म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मी धरून चाललोय की तुमचा अ‍ॅम्प एक १२एएक्स७ आणि एक ६व्ही६ (ही व्हॉल्व्हची नंबरवारी नावं) असा छोटा सिंगल-एंडेड आहे, म्हणजे आउटपुटला एकच व्हॉल्व्ह, फेंडरच्या जुन्या ५एफ१ चॅम्पच्या धर्तीवर, कारण बहुतेकजण पहिला हाच करतात. मोठा पुश-पुल, म्हणजे आउटपुटला जोडीवाला, असेल तरी ऐंशी टक्के गोष्टी त्याच. आणि हो, त्या तापणाऱ्या काचेच्या नळीला मी 'व्हॉल्व्ह' म्हणणार, 'ट्यूब' नाही, कारण आमच्या घरात 'ट्यूब गेली' म्हटलं की आई स्टार्टर शोधायला लागते.

आधी सांगा, शॉक बसून मरणार तर नाही ना?

निष्काळजीपणा केला तर मरू शकता, हे हसण्यावारी नेऊ नका. आत ३०० ते ३५० व्होल्ट डीसी असतं आणि पिन काढली तरी कंडेन्सरमध्ये ते बसून राहतं. त्यामुळं उघडायच्या आधी पिन भिंतीतून बाहेर, मग १०० के (के म्हणजे हजार ओहम), २ वॅटचा एक रेझिस्टर नीट इन्सुलेट केलेल्या वायरांवर लावून प्रत्येक फिल्टर कंडेन्सरच्या (डीसीतली लहर सपाट करणारे मोठे कंडेन्सर) प्लसवरून चेसिसला, म्हणजे पत्र्याच्या सांगाड्याला, मिनिटभर धरा, मग मीटरनं बघा की खरंच शून्याजवळ आलं का. स्क्रू-ड्रायव्हरनं 'टक्' करून डिस्चार्ज करणारे बहाद्दर मी बघितलेत, त्यात कंडेन्सरही जातो आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोकही. कायमची सोय म्हणून २२० केचा एक २ वॅटचा रेझिस्टर मेन कंडेन्सरवर समांतर टाकून ठेवा. तरीही दर वेळी मीटर लावायचाच.

चालू सेटमध्ये मोजायचं असेल तर काळी क्लिप चेसिसला आणि डावा हात खिशात. पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्ड वापरा, ६० किंवा १०० वॅटचा जुना काचेचा बल्ब सिरीजमध्ये, जो प्रत्येक वाइंडिंगवाल्याकडं असतो. बल्ब भगभगून पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. एलईडी बल्ब यात चालत नाही, हे पण विचारणारे भेटलेत.

स्पीकर काढून अ‍ॅम्प वाजवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्यात जातो.

'आवाज येतोय' म्हणजे नेमकं काय सांगायचं तुम्हाला?

हाच खरा प्रश्न आहे आणि ह्यालाच लोक सगळ्यात कमी वेळ देतात. फोन केला की पहिलं वाक्य असतं 'सगळे कंडेन्सर बदलून बघितले'. अरे पण कशासाठी बदलले? आधी ऐका. मिरजेत बसून हे सांगायला मला तरी लाज वाटायला नको, इथं सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो झणझणीत सूर, काढणारे लोक बसलेत, कानानं ठरवतात घोडीला कानस कुठं लावायची ते.

तर गिटार घ्या, ट्यूनरला लावून नीट मिळवा, पण अ‍ॅम्पला लावू नका, नुसतीच हातात. आता सगळ्यात जाड तारेचा तिसरा पडदा दाबा. तो 'जी' आहे, ९८ हर्ट्झ. आपल्याकडची लाईट ५० हर्ट्झची, आणि ती फुल वेव्ह रेक्टिफाय झाली, म्हणजे लाटेच्या दोन्ही बाजू वापरून एसीची डीसी झाली, की लहर होते १०० हर्ट्झची. म्हणजे अ‍ॅम्पची घुमघुम त्या 'जी'ला जवळपास लागते, किंचित चढी, तर ती १०० ची. आणि त्याच्या बरोबर खालच्या सप्तकात, बेस गिटारच्या जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरच्या 'जी'च्या जागी वाटली तर ५० ची. ५० च्या मागं हीटर (व्हॉल्व्हमधली तापणारी तार), ग्राउंड, ट्रान्सफॉर्मर किंवा गिटार. १०० च्या मागं पॉवर सप्लायचा फिल्टर. एवढ्या एका परीक्षेत अर्धं काम होतं आणि एक रुपया खर्च नाही.

एक सांभाळा. छोट्या सहा-आठ इंची स्पीकरमधून ५० हर्ट्झ धड ऐकू येतच नाही, वरचे सूरच येतात, त्यामुळं कान फसतो. जमलं तर मोठ्या स्पीकरवर ऐका, किंवा फोनमध्ये स्पेक्ट्रम दाखवणारं एखादं फुकटचं अ‍ॅप घ्या आणि सगळ्यात खालचा खांब कुठं आहे ते बघा.

दुसरी गोष्ट, पोत. हीटरची घुमघुम गोल असते, जवारी न काढलेल्या तंबोऱ्यासारखी, नुसता 'हूं'. फिल्टरची किंवा ग्राउंडमध्ये चार्जिंगचा करंट घुसल्याची असते ती जवारीदार, झणझणीत, वरचे सूर सगळे दिसतात, 'झ्झ्झ'. आणि जर ५० ची असून झणझणीत असेल तर एक डायोड किंवा रेक्टिफायर व्हॉल्व्हची एक बाजू गेली असण्याची शंका घ्या, कारण मग फुल वेव्हचं हाफ वेव्ह होतं आणि लहर परत ५० वर येते. ह्यात भलेभले फसतात, मीही दोन रात्री हीटरच्या वायरी पिळत बसलो होतो आणि गेला होता साडेतीन रुपयाचा डायोड.

बाकी आवाजांना आपल्याकडं नावं आहेतच. गॅसच्या शेगडीसारखी फुसफुस, पापड भाजल्यासारखी तडतड, विहिरीवरच्या ऑइल इंजिनासारखी फटफट, आणि शिट्टी. प्रत्येकाचं कारण वेगळं, खाली एकेक घेतलंय.

पार्ट विकत आणायच्या आधी काय तपासू?

गिटारची केबल काढा. आवाज गेला? मग अ‍ॅम्प बरा आहे, गिटार, केबल किंवा खोलीकडं बघा. नाही गेला? व्हॉल्यूम पूर्ण खाली करा. घुमघुम व्हॉल्यूमबरोबर कमी झाली तर गडबड व्हॉल्यूमच्या आधी आहे, म्हणजे जॅक आणि १२एएक्स७ चा पहिला अर्धा भाग. ढिम्म हलली नाही तर व्हॉल्यूमच्या पुढं.

मग बंद करून १२एएक्स७ काढून ठेवा आणि परत चालू करा. आता फक्त ६व्ही६ आणि पॉवर सप्लाय उरला. तरीही घुमतंय तर १२एएक्स७ च्या नावानं बोटं मोडण्यात अर्थ नाही. हे करायला पाच मिनिटं लागतात, आणि लोक पुण्याला तपकीर गल्लीत जाऊन पिशवीभर पार्ट आणतात, मग ही पाच मिनिटं देतात.

५० ची गोल घुमघुम आहे. हीटरच असेल ना?

बहुतेक. पण पुरावा घ्या. घरात लहान मुलांची बॅटरीवर चालणारी गाडी असेल तर तिच्यात ६ व्होल्टची सीलबंद बॅटरी असते. अ‍ॅम्प बंद करून ट्रान्सफॉर्मरच्या हीटरच्या दोन्ही वायरी सोडवा, टोकं टेपनं झाका, त्या जागी बॅटरी लावा आणि बॅटरीची एक बाजू चेसिसला. १२एएक्स७ ला ०.३ आणि ६व्ही६ ला ०.४५, असा पाऊण अँपिअर लागतो, बॅटरी सहज देते. हीटर डीसीवर गेला आणि घुमघुम गायब झाली तर चोर सापडला. भाच्याची गाडी दोन दिवस बंद राहिली त्यावरून माझ्या घरात जे झालं ते इथं लिहीत नाही.

सापडला तर करायचं काय? पहिलं, ट्रान्सफॉर्मरच्या ६.३ व्होल्टच्या वाइंडिंगला सेंटर टॅप, म्हणजे मधोमध काढलेलं टोक, आहे का बघा. इथल्या वाइंडिंगवाल्याकडून करून घेतलेल्या ट्रान्सफॉर्मरला बऱ्याचदा नसतो, आणि मग ते वाइंडिंग हवेत तरंगत राहतं. दोन्ही टोकांवरून एकेक १०० ओहम, अर्धा वॅट, चेसिसला टाका, झाला खोटा सेंटर टॅप. प्रत्येकात ०.१ वॅटच जातं, गरम होत नाहीत. मी सांगतो, दहातल्या चार अ‍ॅम्पमध्ये एवढ्यानंच काम होतं.

दुसरं, वायरिंग. दोन वायरी घट्ट पिळलेल्या, चेसिसच्या कोपऱ्यातून नेलेल्या, आणि ग्रीडच्या (व्हॉल्व्हमध्ये सिग्नल शिरतो ती जाळी) वायरीला ओलांडायचंच झालं तर काटकोनात. १२एएक्स७ ला ६.३ वर चालवताना ४ आणि ५ नंबरच्या पिना एकत्र आणि दुसरी बाजू ९ वर. ६व्ही६ ला २ आणि ७. पिळलेली जोडी पिनेपर्यंत पिळलेलीच न्या, शेवटचे दोन इंच मोकळे सोडलेत की तिथूनच घुसतं.

तरी थोडी उरली तर हीटर उचलायचा. म्हणजे चेसिसऐवजी त्या दोन १०० ओहमचा मधला सांधा ४०-४५ व्होल्ट डीसीवर न्यायचा. सप्लाय ३४० असेल तर २२० के (१ वॅट) वर आणि ३३ के खाली असा डिव्हायडर करा, मध्ये साधारण ४४ व्होल्ट मिळतात, ३३ केवर २२ मायक्रोफॅरड १०० व्होल्टचा कंडेन्सर. हीटर कॅथोडपेक्षा (हीटरभोवतीचा, इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) वरच्या व्होल्टेजला गेला की तापलेल्या हीटरकडून कॅथोडकडं जाणारी गळती थांबते. फक्त आधीची चेसिसची जोडणी सोडवायला विसरू नका, नाहीतर ते ४४ व्होल्ट थेट जमिनीत जातील आणि तुम्ही मला फोन कराल.

१०० ची झणझणीत आहे. फिल्टर कंडेन्सर किती मोठे टाकू?

'मोठा टाकला की गेलं' हा गैरसमज आहे. ढोबळ हिशोब सांगतो. अ‍ॅम्प ५० मिलीअँपिअर ओढतोय आणि पहिला कंडेन्सर १६ मायक्रोफॅरडचा असेल तर त्यावर पंचवीस-तीस व्होल्टची लहर असते. ४७ चा टाकला तर दहाच्या आसपास. म्हणजे मोठा करून कमी होते पण मरत नाही. त्यापेक्षा त्या ४७ च्या पुढं ४७० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर आणि परत एक ४७ टाका. १०० हर्ट्झला ४७ मायक्रोफॅरडचा अडथळा ३४ ओहमच असतो, त्यामुळं लहर साधारण चौदाव्या भागावर येते. बदल्यात वीस-पंचवीस व्होल्ट कमी होतात, कानाला कळत पण नाही.

५वाय३ सारखा रेक्टिफायर व्हॉल्व्ह असेल तर पहिला कंडेन्सर २० च्या आसपासच ठेवा, व्हॉल्व्ह चालू होताना भलताच करंट ओढला जातो आणि तो बिचारा आतून ठिणग्या मारतो. मोठं काय करायचं ते दुसऱ्या कंडेन्सरवर करा.

आणि ही एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. ६व्ही६ हा प्लेटवर (सिग्नल बाहेर पडतो ते टोक) आलेली लहर बरीचशी पचवतो, पण स्क्रीनवरची (ग्रीड आणि प्लेटच्या मधली दुसरी जाळी) अजिबात पचवत नाही, जशीच्या तशी मोठी करून स्पीकरला देतो. म्हणून स्क्रीनला पुरवठा करणारा दुसरा कंडेन्सर आधी बघा. बंद करून, डिस्चार्ज करून, त्याला समांतर एक चांगला, ४५० व्होल्टचा कंडेन्सर क्लिपनं जोडा, मग चालू करा. फरक पडला तर जुना काढा. चालू सेटमध्ये क्लिप मारायची नाही. जुन्या रेडिओतून काढलेले कंडेन्सर तर वापरूच नका, वाळून खडंग झालेले असतात, आणि 'मीटरवर बरोबर दाखवतो' ह्याला अर्थ नाही कारण मीटर नऊ व्होल्टवर बघतो आणि तुम्ही त्याला साडेतीनशेवर उभा करताय.

सगळे ग्राउंड चेसिसलाच जातात ना, मग कुठंही जोडलं तर काय बिघडतं?

सगळंच बिघडतं राव. चेसिस म्हणजे पाट आहे असं समजा. वरच्या शेतातलं खत धुवून आलेलं पाणी त्याच पाटानं खालच्या शेतात जातं. पहिल्या कंडेन्सरला चार्ज करणारा करंट थोड्या वेळात झपकन येतो आणि मोठा असतो, तो जर इनपुट जॅकच्या ग्राउंडमधून वाहत ट्रान्सफॉर्मरकडं परत गेला तर त्या तुकड्यावर पडलेले दोन-चार मिलीव्होल्ट पहिल्या व्हॉल्व्हला सिग्नलच वाटतात, आणि तो इमानदारीत पन्नास-साठ पट करून पुढं देतो.

म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या हाय व्होल्टेज वाइंडिंगचा सेंटर टॅप थेट पहिल्या कंडेन्सरच्या मायनसच्या टोकाला, चेसिसला नाही. प्रत्येक स्टेजचं (सिग्नल मोठा करणारा एकेक टप्पा) ग्राउंड त्या स्टेजच्या कंडेन्सरच्या मायनसला, आणि मग ते मायनस ओळीनं जोडत जॅकपर्यंत. चेसिसला एकाच ठिकाणी, जॅकपाशी. जॅक प्लास्टिकचा घ्या किंवा वॉशर लावून वेगळा करा, म्हणजे चुकून दुसरी जोडणी होत नाही. लाईटचं अर्थिंग मात्र वेगळं, त्याचा स्वतःचा बोल्ट, रंग खरवडून, दातेरी वॉशर लावून, आणि त्या बोल्टवर दुसरं काहीही नाही.

गिटार लावली की झझझ येतंय, तारांना हात लावला की कमी होतंय. नॉर्मल आहे का?

हो. तुमचं शरीर हाच एक अँटेना आहे, तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात, हात लावला की तुम्ही पण ग्राउंड झालात. उलट हात लावल्यावर वाढत असेल तर ब्रिजला जाणारी आतली वायर तुटलीय. गिटार हातात धरून गोल फिरा, एका दिशेला कमी होत असेल तर सिंगल कॉइल पिकअप आहे आणि तो खोलीतल्या कुठल्या तरी ट्रान्सफॉर्मरचं, चोकवाल्या ट्यूबलाईटचं, पंख्याच्या रेग्युलेटरचं ऐकतोय. हे अ‍ॅम्पमध्ये दुरुस्त होत नाही.

पण हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर थांबा. ते अर्थिंगचं दुखणं आहे. माझ्याकडं एका मे महिन्यात घुमघुम रोज थोडी थोडी वाढत होती आणि मी कंडेन्सर, व्हॉल्व्ह, केबल सगळं बदललं. शेवटी मीटर काढला तर बोर्डात न्यूट्रल आणि अर्थमध्ये ३८ व्होल्ट. घरामागं अर्थिंगचा खड्डा आहे मीठ-कोळशाचा, उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते तशी तिथलीही भेगाळलेली, आत हात जाईल एवढी फट. पूर्वी आजी भांडी घासलेलं पाणी तिथंच ओतायची, ती गेल्यावर कुणी ओतलंच नाही. दोन घागरी पाणी आणि दोन दिवसांनी मीटर दोन व्होल्टवर, घुमघुम पहिल्यासारखी. अर्थात पाणी हा कायमचा उपाय नाही, नंतर वायरमन बोलावून पाइप आणि पट्टी बदलून घेतली.

मग अर्थची पिन काढून टाकली तर? मित्र म्हणाला घुमघुम जाते.

जाते. आणि आतली एखादी वायर चेसिसला टेकली तर तुम्ही पण जाता, कारण तारा चेसिसला जोडलेल्या आहेत आणि तुमचा हात तारांवर. नाही म्हणजे नाही.

लाईट गेली की इन्व्हर्टरवर भयंकर बझ येतो.

तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हवाला आहे. साइन वेव्ह असेल तर एवढा येत नाही. चौकोनी लाटेत वरचे सूर ठासून भरलेले असतात, ते ट्रान्सफॉर्मरमधून, वायरींमधून, सगळीकडून झिरपतात, आणि व्हॉल्व्हचे व्होल्टेजही चुकतात. लाईट यायची वाट बघा, तोवर चहा घ्या.

शेगडीसारखी फुसफुस कमी कशी करू?

थोडी राहणारच, रेझिस्टर गरम असतात आणि इलेक्ट्रॉन वळवळतात, त्याला इलाज नाही. पण जास्त असेल तर पहिल्या स्टेजचा प्लेट रेझिस्टर बघा, १०० केचा. जुन्या पद्धतीचा कार्बन कॉम्पोझिशन टाकला असेल, 'व्हिंटेज टोन'च्या नादानं, तर त्याच्यावर जितकं डीसी पडतं तितका तो जास्त फुसफुसतो आणि प्लेटवर तर शे-दीडशे व्होल्ट पडतात. मेटल फिल्म टाका. टोन गेला म्हणणाऱ्याला डोळे बांधून ओळखायला सांगा. इनपुटचा ६८ के पण थोडी भर घालतो, तो ३३ के केला तरी चालतं. आणि दुसरा १२एएक्स७ लावून बघा, काही व्हॉल्व्ह जन्मतःच फुसफुसे असतात.

पापड भाजल्यासारखी तडतड, मध्येच थांबते, मध्येच येते. वेड लागायची वेळ आलीय.

हा सगळ्यात चिवट प्रकार. कारणं तीन-चारच असतात, ड्राय सोल्डर (नीट न धरलेला सांधा), व्हॉल्व्हच्या बेसमधली ढिली पिन, मरायला टेकलेला प्लेट रेझिस्टर, आणि ओल. लाकडाची काडी घ्या, कुल्फीची बरी पडते, आणि चालू सेटमध्ये एका हातानं एकेक सांधा हलकेच दाबत जा, धातूचं काही घेऊ नका. जिथं दाबल्यावर तडतड होते तिथं नवीन सोल्डर मारा, नुसतं गरम करून सोडू नका.

ओलीचं मात्र ऐका. आपल्याकडं ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर जुन्या बाजारात आणि भंगारात पाण्यात बुडालेले रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर ढिगानं आले होते. मी त्यातला एक व्हॉल्व्हचा रेडिओ उचलला, चेसिस मस्त होती, बेस सिरॅमिकचे वाटले, सगळं ब्रशनं धुतलं, वाळवलं, आणि अ‍ॅम्प उभा केला. डिसेंबरात छान वाजला. जुलैत पहिला पाऊस लागला आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला तडतड सुरू, तासाभरानं अ‍ॅम्प तापला की बंद. रेझिस्टर बदलले, व्हॉल्व्ह बदलले, काही नाही. एका रात्री खोलीतला दिवा बंद करून चेसिस उलटी ठेवली आणि बघत बसलो, तर ६व्ही६ च्या बेसवर दोन पिनांच्या मध्ये सुईच्या टोकाएवढी निळसर ठिणगी. बेस काढून भिंगाखाली धरला. बेस दोन चकत्यांचा होता, सिरॅमिक नाहीच, दाबलेल्या फायबरचा, आणि दोन चकत्यांच्या फटीत कृष्णामाईचा गाळ अजून तसाच, तपकिरी, बारीक, भिंगातून त्यातली चमक पण दिसत होती. हवेतली ओल त्याला लागली की तो गळायचा आणि अ‍ॅम्पच्या उष्णतेनं वाळला की गप्प. नवा सिरॅमिक बेस टाकला आणि विषय संपला. त्या दिवसापासून पुरातला एकही बेस, स्विच, पॉट (व्हॉल्यूमसारखा फिरवायचा रेझिस्टर) मी वापरत नाही, चेसिस आणि नॉब तेवढे घेतो.

नुसता चालू केला की शिट्टी मारतो, व्हॉल्यूम वाढवला की किंचाळतो.

नवीन अ‍ॅम्प असेल आणि पहिल्यांदाच चालू केलाय? मग आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या दोन वायरी अदलाबदल करा. चॅम्पमध्ये स्पीकरकडून २२ केमधून मागं दुसऱ्या स्टेजच्या कॅथोडला निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग सिग्नलच्या उलट, येतो, वायरी उलट्या असतील तर तो पॉझिटिव्ह होतो आणि अ‍ॅम्प स्वतःच गायला लागतो. खात्री करायला फीडबॅकचा रेझिस्टर एका बाजूनं सोडवा, शिट्टी गेली तर हेच.

वायरी बरोबर असूनही शिट्टी असेल तर ग्रीडच्या वायरी प्लेटच्या वायरींना खेटून चालल्यात. जॅकपासून व्हॉल्व्हपर्यंत शिल्डेड वायर घाला, शिल्ड एकाच टोकाला ग्राउंड. ६व्ही६ च्या ग्रीडला दीड केचा रेझिस्टर अगदी पिनेवर सोल्डर करा, दोन इंच लांब नाही. कधी कधी शिट्टी इतकी उंच असते की ऐकूच येत नाही, फक्त आवाज दबलेला आणि फाटका येतो आणि व्हॉल्व्हची प्लेट लाल होते. लाल दिसली की ताबडतोब बंद.

फट फट फट, लांबून ऑइल इंजिन चाललंय असं.

ह्याला मोटरबोटिंग म्हणतात. शेवटच्या स्टेजनं करंट ओढला की सप्लाय हलतो, तो हलल्याचं पहिल्या स्टेजला कळतं, ती परत शेवटच्या स्टेजला हलवते. १२एएक्स७ ला पुरवठा करणारा तिसरा कंडेन्सर बाद आहे, किंवा त्याच्या आधीचा रेझिस्टर तुम्ही विसरलात, किंवा कंडेन्सरच्या मायनसचा सांधा सुटलाय.

अ‍ॅम्पमधून रेडिओ ऐकू येतोय, खरंच!

खोटं नाही. सांगलीतल्या एका मित्राच्या अ‍ॅम्पमधून आकाशवाणी सांगली यायची, त्याचे वडील खूश, हा हैराण. लांब केबल अँटेना होते, पहिल्या व्हॉल्व्हचा ग्रीड डिटेक्टर होतो, झाला मिडियम वेव्ह रेडिओ. इनपुटचा तो रेझिस्टर जॅकपाशी नाही, थेट ग्रीडच्या पिनेवर लावा. ६८ के आणि व्हॉल्व्हच्या आतली शंभरेक पिकोफॅरड मिळून साधारण २३ किलोहर्ट्झच्या वरचं कापायला लागतात, गिटारला तेवढं लागतच नाही आणि रेडिओ पाचशेच्या पुढं असतो. फुसफुशीसाठी ३३ केला आणला असेल तरी पुरतो.

व्हॉल्व्हला टिचकी मारली की स्पीकरमधून 'टण्' येतं.

मायक्रोफोनिक. थोडं सगळेच करतात. टिचकीनंतर घंटेसारखं घुमत राहिलं तर तो व्हॉल्व्ह पहिल्या जागेवरून काढा, दुसऱ्या कुठल्या अ‍ॅम्पमध्ये फेज इन्व्हर्टरला (पुश-पुलच्या जोडीसाठी सिग्नलची उलटी प्रत करणारा टप्पा) चालून जाईल, फेकू नका. स्पीकरच्या पेटीतच चेसिस असेल तर स्क्रूखाली रबरी वॉशर टाका.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर?

क्लीनर मारून गेली तर धूळ होती. महिन्याभरात परत आली तर पॉटवर डीसी येतोय, आधीचा कपलिंग कंडेन्सर (सिग्नल पुढं सोडून डीसी अडवणारा) गळतोय. पॉटच्या वरच्या पिनेवर डीसी मोजा, तिथं काहीच यायला नको, काही दशांश व्होल्ट दिसले तरी कंडेन्सर बदला.

सगळं केलं तरी बारीक घुमघुम आहे, व्हॉल्व्ह सगळे काढले तरी!

मग ती बहुतेक स्पीकरमधून येत नाहीये, ट्रान्सफॉर्मरच्या पत्त्या वाजतायत. कान जवळ नेऊन बघा, हात लावू नका. बोल्ट आवळा, नाहीतर वाइंडिंगवाल्याकडून परत वार्निशमध्ये बुडवून घ्या.

ह्याचाच भाऊ म्हणजे पॉवर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये घुसणं. हे चेसिसला भोकं पाडायच्या आधी तपासायचं असतं. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या स्पीकरच्या बाजूला जुना हेडफोन लावा, पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या फक्त प्रायमरीला लाईट द्या, बाकी सगळी टोकं एकेक करून टेपनं नीट बंद, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर टेबलावर सरकवत, फिरवत ऐका. एका कोनात आवाज एकदम पडतो, बहुतेक एकमेकांना काटकोनात असताना. तिथं पेन्सिलनं खूण करा, मग ड्रिल.

किती आवाज राहिला तर चालेल?

गिटार काढलेली, व्हॉल्यूम अर्ध्यावर, स्पीकरपासून हातभर अंतरावर कान, आणि पंखा दोनवर. पंख्याच्या वर अ‍ॅम्प ऐकू आला नाही तर मागची पट्टी लावून सगळे स्क्रू घट्ट करा. आला तर पहिल्यापासून, जाड तारेचा तिसरा पडदा दाबून.